दुखणं अंगावर काढणारा किनारा

बाजारात पापलेटाचा भाव ऐकून आपण तोंड वाकडं करतो, घासाघीस करतो. पण समोर बसलेल्या मावशींच्या बोटांकडे कधी नीट पाहिलंय? बर्फाच्या पाण्यात भिजून पांढरी पडलेली कातडी, कोळंबीच्या काट्यांनी टोचलेली पेरं, एखाद्या बोटाला ठणकणारं नखुरडं. विचारलंत तर म्हणतील, "होतंच गं, त्यात काय!"

हे ‘त्यात काय’च घात करतं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्या घरांचं पोट छोट्या होडीवर चालतं, तिथे पुरुष असो की बाई, दुखणं अंगावरच काढायचं अशी रीत पडून गेली आहे. एक दिवस होडी गेली नाही तर त्या दिवसाची चूल कशी पेटायची, हा प्रश्न दुखण्यापेक्षा मोठा असतो.

कानांचंच घ्या. "आमच्या ह्यांना दहा हाका मारल्या तरी ऐकू जात नाही" अशी तक्रार कोळीवाड्यात घरोघर, आणि तीसुद्धा हसत हसत! पण हा नवऱ्याचा तिरसटपणा नसतो. छोट्या होडीत डिझेलचं इंजिन माणसापासून हाताच्या अंतरावर असतं आणि तासन्‌तास धडधडत राहतं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर वर्षानुवर्षांनी ऐकू येणं कमी होतं. आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणजे नेमके बायकांचे आणि लेकरांचे! एकदा गेलेलं परत येत नाही. औषधाच्या दुकानात कानात घालायचे स्पंजचे बोळे थोडक्या पैशांत मिळतात. पण ते घालून होडीवर गेलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

डोळ्यांची गोष्टही तशीच. ऊन वरून पडतं आणि पाण्यावरून उलटून पुन्हा डोळ्यांत येतं. बुबुळाकडे सरकणारं मांस वाढतं, डोळा लाल राहतो, चुरचुरतो. शस्त्रक्रिया करून ते काढता येतं, पण पुन्हा वाढूही शकतं. रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा ही इथे चैन नव्हे. गावात मात्र चष्मा घातला की पोरं "हिरो" म्हणून चिडवतात.

शिंगाळ्याचा काटा लागला की काय वेदना होतात, ते ज्याला लागलाय त्यालाच माहीत. कोणी तंबाखू भरतं, कोणी चुना लावतं. त्यापेक्षा सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष उष्णतेने निकामी होतं. पाकटाच्या काट्यालाही हाच उपाय. पाणी किती गरम ते मात्र चांगल्या हाताने पाहावं, कारण बधिर हात भाजला तरी कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना गाठायचाच, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यायचं. मधुमेह असेल किंवा दारूने यकृत खराब झालं असेल, तर समुद्राच्या पाण्यातले जंतू साध्या जखमेतूनही जिवावर उठतात.

बायकांचं एक दुखणं तर बोललंच जात नाही. पहाटे बंदरावर, मग बाजारात, दिवसभर जायला जागा नाही. म्हणून पाणीच प्यायचं नाही! लघवीची जळजळ, ताप, पोटात दुखणं हे त्यातूनच. बाजाराचा कर रोज गोळा होतो, मग स्वच्छ मुतारी का नको? हे नगरपालिकेला विचारायलाच हवं.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा ठेवला गेला: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, इस्पितळाच्या खर्चाला २५ हजार. पण तो अपघाताचा विमा. रोज थोडा थोडा जाणारा कान, जाळी ओढून मोडलेली पाठ, पाटीने दुखावलेली मान त्यात बसत नाही.

जून-जुलैच्या बंदीत होड्या वर ओढल्या जातात, जाळी सांधली जातात. कान-डोळे तपासायलाही हेच दिवस सोयीचे. जखम बरी होत नसेल, बोट जांभळट होऊन सुजलं असेल, तर डॉक्टरांना "मासळीचं काम करते" हे आधी सांगा. मासळीतून होणाऱ्या काही जखमांचे जंतू वेगळे असतात, त्यांचं औषधही वेगळं असतं.