फोटोतला मेलेला घोडा

2021 च्या मार्च महिन्यातली गोष्ट. कोरोनाची पहिली लाट ओसरून कॉलेजचे वर्ग पुन्हा भरू लागले होते. एके दुपारी स्टाफ रूममध्ये एका सहकाऱ्याने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "हे बघा सर, काय एकेक माणसं असतात!" पडद्यावर एक फोटो होता. एक घोडा जमिनीवर आडवा पडलेला. त्याच्या अंगावर, एखाद्या बाकड्यावर बसावे तसा, एक माणूस दोन्हीकडे पाय टाकून बसलेला. एका हाताने फोन कानाला लावलेला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे विजयाच्या खुणेसारखी वर. घोडा झोपलेला नव्हता, मेलेला होता.

संध्याकाळी तो फोटो मी घरी दाखवला. आमच्या घरात, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असतील तशा, दोन भाषा नांदतात. बायको धारवाडची, तिचे माहेर कन्नड. आई चिकोडी तालुक्यातली, मराठी. फोटो बघताच बायको म्हणाली, "अय्यो, पाप!" आईने चष्मा लावला, नीट निरखून पाहिले आणि तीही म्हणाली, "पाप!"

शब्द एकच, पण दोघी दोन वेगळ्या गोष्टी बोलत होत्या. कन्नडमधले 'पाप' म्हणजे आपले 'बिचारा'. बायको घोड्याकडे बघत होती. आई बघत होती त्या माणसाकडे. पुढे या प्रकरणाविषयी जे जे वाचनात आले, ते वाचताना मला हे दोन 'पाप' सारखे आठवत राहिले. कारण सगळ्या जगाने दुसऱ्या पापाचा बोभाटा केला आणि पहिले पाप तसेच जमिनीवर पडून राहिले.

तो माणूस म्हणजे आयर्लंडचा नामांकित ट्रेनर गॉर्डन एलियट. हा काही पिढीजात घोडेवाला नव्हे. रेसशी संबंध नसलेल्या घरातला, हौशी जॉकी म्हणून सुरुवात केलेला मुलगा. 2007 साली त्याच्या तबेल्यातल्या सिल्व्हर बर्च या घोड्याने इंग्लंडची ग्रँड नॅशनल जिंकली, तेव्हा स्वतःच्या देशात त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. त्यानंतर 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षे टायगर रोल या त्याच्या बुटक्या घोड्याने तीच शर्यत मारली. असा पराक्रम त्याआधी 1973 आणि 1974 मध्ये रेड रमने केला होता.

आपल्याला रेस म्हटले की बेंगळुरू, पुणे किंवा महालक्ष्मीची सपाट धाव आठवते. आयर्लंड-इंग्लंडातला हा प्रकार निराळा. इथे घोड्याला पळता पळता कुंपणे ओलांडावी लागतात. लिव्हरपूलजवळच्या एंट्रीची ग्रँड नॅशनल चार मैलांहून लांब, वाटेत तीस उड्या. पाठीवर जॉकी. कधी पुढचा घोडा पडतो आणि मागचा त्याच्यावर. तिथल्या लोकांचे या खेळावर जीवापाड प्रेम आहे. वर्षभर रेसचा आकडा न लावणारी आजीबाईसुद्धा त्या एका शनिवारी एक-दोन पौंड लावते म्हणे. आपल्याकडे जत्रेच्या शर्यतीला गाव लोटते, तसेच.

तो फोटो 27 फेब्रुवारी 2021 रोजी ट्विटरवर पसरला. फोटो खरा आहे का, इथपासून चर्चा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी एलियटने स्वतःच तो खरा असल्याचे सांगितले आणि माफी मागितली. त्याचे म्हणणे असे, की घोडा सरावाच्या मैदानावर हृदयक्रिया बंद पडून मेला, त्याला हलवण्याची वाट बघत मी उभा होतो, तेवढ्यात फोन आला आणि नकळत मी खाली बसलो.

नकळत! खरे सांगायचे तर या शब्दावर मी बराच वेळ अडलो. आधी चीड आली. मग वाटले, हा खोटे बोलत नसेलही. ज्याच्या तबेल्यात शेकडो घोडी, ज्याने असे मरण कितीदा पाहिलेले, त्याला मेलेला घोडा आणि लाकडाचा ओंडका यांतला फरक त्या क्षणी खरोखरच जाणवला नसेल. आणि तसे असेल तर ते अधिक भीतीदायक आहे.

पुढचे सारे झटपट घडले. ब्रिटनच्या रेसिंग मंडळाने 1 मार्चला त्याच्या घोड्यांना आपल्या मैदानांवर बंदी घातली. सट्ट्याचा धंदा करणाऱ्या बेटफेअर कंपनीने त्याच्याशी असलेला करार मोडला. (ज्यांचे पोटच घोड्यांवर लावलेल्या पैशावर चालते, त्यांची ही नैतिकता!) चेव्हली पार्क स्टड या बड्या मालकांनी आपले घोडे काढून घेतले. त्यात तोवर अपराजित असलेला एन्व्हॉय अॅलन होता, सर जेरहार्ड आणि क्विलिक्सियोस होते. 5 मार्चला आयर्लंडच्या शिस्त समितीने एलियटला बारा महिन्यांची बंदी ठोठावली, त्यांपैकी शेवटचे सहा महिने स्थगित. शिवाय पंधरा हजार युरो खर्चापोटी. हा फोटो कुणीतरी ठरवून, त्याला गोत्यात आणण्यासाठीच बाहेर काढला, असेही समितीने नमूद केले. सहा महिने सरले आणि सप्टेंबर 2021 मध्ये एलियट पुन्हा तबेल्यात हजर झाला.

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हिशोबाकडे नजर जातेच. काढून नेलेले घोडे दुसऱ्या ट्रेनरांकडे गेले आणि दोन-अडीच आठवड्यांत चेल्टनहॅमच्या मोठ्या महोत्सवात सर जेरहार्ड आणि क्विलिक्सियोस दोघेही जिंकले! दोघांच्याही पाठीवर जॉकी होती रेचल ब्लॅकमोर. 10 एप्रिलला तीच ब्लॅकमोर ग्रँड नॅशनल जिंकणारी पहिली महिला ठरली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही तिचे फोटो छापले. मलाही आनंद झाला, लेकीला मी कौतुकाने तो फोटो दाखवला. त्याच शर्यतीत द लाँग माइल नावाचा घोडा जबर जखमी झाला आणि त्याला जागीच संपवावे लागले, हे मला कितीतरी महिन्यांनी कळले. त्याचा फोटो कुणी पाठवला नव्हता.

फोटोतल्या घोड्याचेही तेच. त्याचे नाव मॉर्गन. सात वर्षांचा, खच्ची केलेला, 2019 मध्ये गेला. मालक गिगिन्सटाउन हाऊस स्टड, म्हणजे रायनएअर विमान कंपनीचे मायकेल ओ'लिअरी. त्यांनी एलियटची माफी स्वीकारली, चुका सर्वांच्याच हातून होतात म्हणाले. सहज म्हणून मी तीन वर्गांत विचारून बघितले. तो फोटो बऱ्याच मुलांनी पाहिला होता. घोड्याचे नाव एकालाही सांगता आले नाही.

आता थोडे त्या घोड्यांच्या जगण्याविषयी. पाय मोडला की घोड्याला गोळी का घालतात, असा प्रश्न आपल्याला पडतो. गाईचा, कुत्र्याचा पाय प्लास्टरमध्ये घालतात, मग याचाच का नाही? कारण घोडा म्हणजे चार-पाचशे किलोंचे धूड चार काड्यांवर उभे. त्याला दिवसचे दिवस आडवे ठेवता येत नाही. एक पाय अधू झाला की सगळा भार उरलेल्यांवर येतो, मग चांगल्या पायाच्या खुरात सूज धरते आणि आतले हाड खुरापासून सुटू लागते. 2006 मध्ये अमेरिकेची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बारबॅरोचे हेच झाले. दोन आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. मालकांनी पैशाकडे पाहिले नाही, उत्तमातले उत्तम शल्यविशारद लावले, आठ महिने झुंज दिली. मोडलेला पाय सुधारत होता, पण दुसरे खूर गेले. जानेवारी 2007 मध्ये त्याला शेवटचे इंजेक्शन द्यावे लागले. पैसा असूनही वाचवता येत नाही, असाही एक भाग या खेळात आहे.

पण त्याहून मोठा भाग आहे तो न जिंकणाऱ्यांचा. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे आणि वरही जगतो. पळण्याची त्याची वर्षे फार तर दहा-बारा वयापर्यंत, सपाट शर्यतींत त्याहूनही कमी. एकट्या आयर्लंडमध्ये दरवर्षी नऊ हजारांच्या आसपास थरोब्रेड शिंगरे जन्माला येतात. त्यांतली किती टायगर रोल होणार? उरलेल्यांना पंधरा-वीस वर्षे खायला कोण घालणार?

19 जुलै 2021 रोजी बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने याचे उत्तर दाखवले. 2019 च्या सुरुवातीपासून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार हजार माजी शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात गेले होते, बहुतेक आयर्लंडमध्ये तयार झालेले. लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यांतले चित्रण होते. मारल्या गेलेल्यांत एलियटच्या तबेल्यातून गेलेले तीन घोडे निघाले. दोघांना चांगले घर मिळाले तर बघावे, नाहीतर यातना न देता संपवावे असे सांगून व्यापाऱ्याकडे दिले होते आणि तिसरा मालकाच्या सांगण्यावरून एका स्वाराला दिला होता, असा त्याचा खुलासा. त्याआधी ऑक्टोबर 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने क्वीन्सलँडमधले असेच दृश्य दाखवले होते. जून 2024 मध्ये आयर्लंडच्या आरटीई वाहिनीने तिथल्या घोड्यांच्या कत्तलखान्यात मारण्याआधी जनावरांना कशी वागणूक मिळते ते उघड केले.

काहीच सुधारले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2022 पासून ब्रिटनमध्ये पळणारा प्रत्येक घोडा माणसाच्या खाद्यातून कागदोपत्री वगळलेला असावा लागतो. 2023 च्या ग्रँड नॅशनलमध्ये हिल सिक्स्टीन पहिल्याच उडीला गेला, त्यापूर्वी आंदोलक मैदानात घुसल्याने शर्यतही लांबली होती. पुढच्या वर्षी घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीस केली, पहिले कुंपण जवळ घेतले. तरी 2025 मध्ये सेलेब्रे द'अॅलन हा तेरा वर्षांचा घोडा शर्यत संपता संपता कोसळला आणि तीन दिवसांनी मेला.

तुम्ही म्हणाल, हे सारे सातासमुद्रापलीकडले. आपल्याकडे घोड्याचे मांस कोण खाते? खरे आहे. पण म्हणून आपला घोडा म्हातारपणी सुखात असतो असे नाही. मुंबईत तो व्हिक्टोरियाला जुंपला जाई. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्या निकालात जनावरांच्या हालअपेष्टांचे वर्णन आहे. 2025 च्या उन्हाळ्यात हैदराबादहून सत्तावन्न घोडे जबलपूरला नेण्यात आले, त्यांतले कितीतरी काही दिवसांत मेले आणि प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेले. बातमी आली आणि विरली. आमच्या भागात तर बैलगाडी शर्यतीविषयी बोलायचीच चोरी. 2014 ची बंदी आणि 2023 चा घटनापीठाचा निकाल, दोन्ही वेळा चावडीवर केवढा वाद! जत्रांत घोडागाड्याही पळतात, शौकीन मंडळी त्यांना पोटच्या पोरासारखे जपतात, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांच्या मायेवर मला शंका नाही. माया पळते आहे तोवरची की नंतरचीही, एवढेच विचारायचे असते आणि तेच विचारता येत नाही.

माझे थोरले काका बेळगावात टांगा हाकत. रेल्वे स्टेशन ते खडेबाजार अशा फेऱ्या. त्यांची चंद्री नावाची घोडी मी लहानपणी पाहिली आहे. रोज पहाटे खरारा, स्वतःच्या जेवणाआधी तिची चंदी. सवारी जास्त झाली तर चढाला उतरून चालत, आणि हो, रागात असले तर चाबूकही ओढत. ती गेली तेव्हा काकांनी अंगावरची घोंगडी काढून तिच्यावर घातली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. फोटो बघून आई पाप म्हणाली, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ही घोंगडी असणार. मीही वर्गात कितीदा हा प्रसंग अभिमानाने सांगितला आहे.

हा लेख लिहायला घेतल्यावर आईला विचारले, "चंद्रीच्या आधी कोणता घोडा होता गं?"

"होता एक पांढरा. गुडघ्यातनं लंगडायला लागला, मग विकला बाजारात. त्या पैशात तुझ्या आत्याच्या लग्नातली भांडी घेतली."

"घेणाऱ्यानं लंगडा घोडा कशाला घेतला?"

आई निवडत असलेल्या तांदळाकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली होती, तीही ऐकत होती.

"ते कोण विचारतंय तेव्हा," आई म्हणाली. "तुझ्या काकांनी पण नाही विचारलं."

"पाप," बायको म्हणाली. या वेळी ते कोणत्या भाषेतले, हे मी तिला विचारले नाही.