‘कोणी चोरला?’ आणि ‘कोणाचा?’ : ‘द मूनस्टोन’मधील पवित्र वस्तूचा शोध

दडवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या पवित्र वस्तूचा शोध हे रहस्यप्रधान कादंबरीचे एक रूढ आशयसूत्र आहे. चोर कोण हे उघड झाले की सामान्यतः अशा कथेचे प्रयोजन संपते. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) मात्र त्यापलीकडचा प्रश्न उपस्थित करते : ती वस्तू मुळात कोणाची? या दोन प्रश्नांची कादंबरीच्या रचनेत कशी वाटणी झाली आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

कथेतील पिवळा हिरा सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या कपाळी होता, अशी कल्पना आहे. (ही चतुर्भुज मूर्ती कॉलिन्सची निर्मिती होय, प्रत्यक्ष सोमनाथ हे ज्योतिर्लिंग आहे.) तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या या हिऱ्यावर पाळत ठेवतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. त्या लुटीत हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी रक्षकांची हत्या करून तो बळकावतो. १८४८ मध्ये त्याची भाची रेचल हिला तो वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो.

‘कोणी चोरला?’ याचे उत्तर साक्षीदारांच्या लेखी निवेदनांतून उलगडते. वृद्ध कारभारी बेटरेज, धर्मवेडी मिस क्लॅक, वकील ब्रफ, रेचलचा प्रियकर ब्लेक हे सारे आपापल्यास ठाऊक तेवढेच सांगतात. अफूच्या अमलाखाली ब्लेकनेच हिरा उचलला आणि गॉडफ्रेने तो गहाण टाकला, हे अखेरीस कळते. या साक्षीपुराव्यात तिघा ब्राह्मणांचे एकही निवेदन नाही. ज्यांचा हक्क सर्वांत जुना, त्यांनाच निवेदकाचे स्थान नाकारलेले आहे.

तथापि त्यांची कृती बोलते. व्यवसायाने गुप्तहेर असलेला कफ प्रथम रेचलवरच संशय घेतो. उलट ब्राह्मणांचा प्रमुख ब्रफला कर्जफेडीची रूढ मुदत तेवढी विचारतो. ‘एक वर्ष’ या उत्तरावरून गहाण सुटण्याची वेळ त्यांना कळते. वर्षभर थांबून, गॉडफ्रेचा जीव घेऊन ते हिरा मिळवतात. कॉलिन्स त्यांना निर्दोष ठरवत नाही. परंतु कायद्याच्या हातीही देत नाही.

उपसंहारात, १८५० मध्ये, मर्थवेट हा प्रवासी काठेवाडात तो हिरा पुन्हा देवतेच्या कपाळी पाहतो. समुद्रोल्लंघन आणि वेषांतर यांमुळे जातीस मुकलेले ते तिघे प्रायश्चित्त म्हणून तीन दिशांना कायमचे तीर्थाटनास निघतात. शोध सफल होतो आणि शोधकांचा सहवास संपतो. ‘कोणाचा?’ याचे उत्तर असे तपासाच्या चौकटीबाहेर मिळते.

हा प्रश्न केवळ कादंबरीपुरता नाही. तमिळनाडूतील पाथूरच्या नटराजमूर्तीसंबंधी १९९१ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मंदिराचा हक्क मान्य केला. कादंबरीत ज्यांना साक्ष देता आली नाही, त्यांची बाजू येथे न्यायालयासमोर आली. म्हणून अशा कथांचा अभ्यास करताना रहस्याची उकल जितकी महत्त्वाची, तितकेच निवेदनाचा अधिकार कोणाला दिला आहे हे पाहणेही अगत्याचे ठरते.