आवडला का? आणि मिळेल का?

चित्रपट पाहून घरीं परतल्यावर जो वाद रंगतो, त्यांत बहुधा दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला, "चित्रपट आवडला का?" आणि दुसरा, "याला बक्षीस मिळेल का?" वरवर पाहतां हे दोन्ही प्रश्न सख्ख्या भावांसारखे दिसतात, परंतु पहिल्याचें उत्तर आपल्या मनांत शोधावयाचें असतें, आणि दुसऱ्याचें परक्यांच्या. हा भेद विसरला म्हणजे मनुष्य स्वतःच्या आवडीशींही प्रामाणिक राहत नाहीं, असा अनुभव आम्हांस आला. तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन २०२४ च्या अखेरीस आमच्या घरीं दर रविवारीं एक चित्रपट पाहण्याचा परिपाठ सुरू झाला. कांहीं चित्रपटगृहांत जाऊन पाहिले, कांहीं घरच्याच दूरदर्शन-संचावर. आमच्या सासूबाई, आम्ही उभयतां आणि महाविद्यालयांत शिकणारी भाची, असें हें चौघांचें परीक्षक-मंडळ. भाचीनें एक वही घातली आणि प्रत्येक पानावर दोन रकाने आंखले. डाव्या रकान्यांत 'आवडला का?' आणि उजव्यांत 'मिळेल का?' बक्षीस म्हणजे अर्थातच ऑस्कर. २ मार्च २०२५ रोजीं लॉस एंजेल्स येथें व्हावयाच्या सत्त्याण्णवाव्या समारंभांत कोण मानकरी ठरतील, एवढाच आमच्या भाकितांचा विषय होता.

भाकीत करावयाचें म्हणजे मतदानाची रीत ठाऊक हवी. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सुमारें दहा हजार सभासद मत देतात, आणि ते सर्व चित्रपट-व्यवसायांतले असतात. बहुतेक विभागांत ज्याला सर्वांत अधिक मतें तो विजयी, हा सरळ हिशेब. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची रीत मात्र न्यारी. तेथें दहा चित्रपटांना पसंतीचे अनुक्रम द्यावयाचे असतात. कोणालाच निम्म्याहून अधिक पहिल्या पसंतीचीं मतें मिळालीं नाहींत, तर तळाचा चित्रपट बाद करून त्याचीं मतें त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे वळवितात. कोणी तरी निम्म्यापलीकडे जाईपर्यंत हें चालतें. त्यामुळें थोड्यांना अतिशय प्रिय आणि पुष्कळांना अप्रिय अशा चित्रपटापेक्षां, सर्वांनाच बऱ्यापैकीं रुचणारा चित्रपट पुढें सरण्याचा संभव अधिक. पंगतींत वरणभाताला कोणी नांव ठेवीत नाहीं, तसेंच हें.

या वरणभाताच्या न्यायानेंच आम्हीं सर्वांनीं उजव्या रकान्यांत 'कॉन्क्लेव्ह' हें नांव लिहिलें. पोप निवर्तल्यावर कार्डिनल मंडळी दारें लावून घेऊन नवा पोप निवडतात, त्या निवडणुकीची ही कथा. मूळ कादंबरी रॉबर्ट हॅरिस यांची, दिग्दर्शन एडवर्ड बर्गर यांचें. निवडणूक पार पाडणाऱ्या कार्डिनलच्या मनांतील संशय आणि थकवा राल्फ फाइन्झ यांनीं फार संयमानें दाखविला आहे. आपल्याला पदाची हांव नाहीं असें म्हणतां म्हणतां जो तो कसा हळूच पुढें सरकतो, हें पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही तर आपल्या सोसायटीचीच सभा!" करमणूक उत्तम, शेवटचा धक्का मात्र ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. ब्रिटिश अकादमीनें फेब्रुवारींत यालाच सर्वोत्कृष्ट ठरविल्यामुळें आमची उमेद वाढली. पण ऑस्करमध्यें याच्या पदरीं पडलें तें रूपांतरित पटकथेचें एकच बक्षीस. पुढें २१ एप्रिल २०२५ रोजीं पोप फ्रान्सिस निवर्तले आणि मे महिन्यांत खऱ्या निवडणुकीच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां धुराड्यांतील काळ्यापांढऱ्या धुराचा अर्थ आमच्या घरांत कोणाला विचारावा लागला नाहीं, एवढा लाभ या चित्रपटानें करून दिला.

'द ब्रुटलिस्ट' हा साडेतीन तासांहून अधिक लांबीचा, आणि मध्यें पंधरा मिनिटांची विश्रांति. पाश्चात्य परीक्षकांना या विश्रांतीचें मोठें नवल वाटलें. मध्यंतरावांचून चित्रपट म्हणजे मिठावांचून जेवण असें मानणाऱ्या आम्हांस त्यांत नवल तें काय! छळछावणींतून वांचलेला लास्लो टोथ नांवाचा एक काल्पनिक हंगेरियन यहुदी वास्तुशिल्पी १९४७ सालीं अमेरिकेस येतो. एक धनिक प्रथम त्याच्या कलेचा आश्रयदाता होतो, आणि मग हळूहळू त्याचा मालक. पूर्वार्ध आम्हांला अतिशय भावला. उत्तरार्धांत कथानक सैल झालें. नायकाचें बक्षीस एड्रियन ब्रॉडी यांना मिळेल हें आमचें भाकीत खरें ठरलें. छायालेखन आणि संगीत यांचींही बक्षिसें याच चित्रपटाला गेलीं. ब्रॉडी यांचें हें दुसरें ऑस्कर. पहिलें 'द पियानिस्ट'बद्दल २००३ सालीं मिळालें होतें.

'अनोरा' मात्र आम्हीं सासूबाईंना न बोलावतां पाहिला, आणि तेंच योग्य झालें. न्यूयॉर्कमध्यें देहप्रदर्शनावर पोट भरणारी एक तरुणी एका रशियन कुबेराच्या उनाड मुलाशीं लग्न करते, आणि मुलाचीं माणसें तें लग्न मोडण्यासाठीं धांवून येतात. आरंभींचा भाग आम्हांस सहन होण्यापलीकडचा वाटला. भाचीचें म्हणणें निराळें. ती म्हणाली, "मामी, तिला सगळे विकत घेऊं पाहतात, आणि शेवटीं ती रडते ती कां, हें तुम्ही पाहिलंत का?" आम्ही वाद घालण्याच्या भरांत होतों. डाव्या रकान्यांत आम्हीं ठसठशीत 'नाहीं' लिहिलें, आणि उजव्यांतही 'नाहीं'.

समारंभ झाला तेव्हां आमच्याकडे ३ मार्चची सोमवारची सकाळ होती. चहाचें आधण आणि निकाल बरोबरच आले. 'अनोरा'ला पांच बक्षिसें! सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा, संकलन, आणि नायिका मायकी मॅडिसन हिचा अभिनय. दिग्दर्शक शॉन बेकर यांनीं एकाच चित्रपटाबद्दल एकाच रात्रीं चार पुतळ्या घरीं नेल्या. आमचें भाकीत चुकलें, याचें कांहीं विशेष नव्हे. विशेष घडलें तें पुढें. दुपारीं आम्ही एकट्याच वही घेऊन बसलों, आणि आमच्या हातून डाव्या रकान्यांतील 'नाहीं' खोडून तेथें 'बरा आहे' असें लिहिलें गेलें. संध्याकाळीं भाचीनें तें पाहिलें आणि हसून विचारलें, "मामी, चित्रपट तोच आहे ना? मग मत कशानें बदललं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुन्हां पाहून, विचार करून मत बदललें असतें, तर तो प्रामाणिकपणाच ठरला असता. भाचीचा युक्तिवाद पटून बदललें असतें, तरी शोभलें असतें. परंतु आम्हीं तें बदललें होतें तें केवळ दहा हजार परक्यांच्या धाकानें. आपण मागें पडलों असें दिसूं नये, एवढाच त्यांतला हेतु. सुशिक्षित कुटुंबांत हा रोग फार आहे, आणि त्याला आपण 'अभिरुचि' असें गोंडस नांव देतों.

निकालानंतर आम्हीं आणखी दोन विजेते चित्रपट पाहिले. त्यांपैकीं 'फ्लो' हा लाटव्हिया देशाचा व्यंगपट. महापुरांत सांपडलेली एक मांजर आणि तिचे सहप्रवासी प्राणी यांची ही कथा. आरंभापासून शेवटपर्यंत एक शब्द नाहीं. खालच्या ओळी वाचण्याचा त्रास नसल्यानें सासूबाई यावर सर्वांत खूष. कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या ब्लेंडर या संगणक-प्रणालीवर तो तयार झाला, आणि लाटव्हियाला पहिलें ऑस्कर त्यानेंच मिळवून दिलें. दुसरा ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर'. १९७१ सालीं लष्करी राजवटीनें रुबेन्स पायव्हा या माजी लोकप्रतिनिधीस घरांतून नेलें, तो परत आलाच नाहीं. त्याची पत्नी युनिस हिनें पांच मुलें वाढविलीं, कायद्याचा अभ्यास केला, आणि पतीच्या मृत्यूचा दाखला तिच्या हातीं पडला तो १९९६ सालीं. हकीकत सत्य आहे. फर्नांदा टोरेस यांचें काम पाहून आमचे डोळे पाणावले. युनिसचें वार्धक्य त्यांच्या सख्ख्या मातोश्री फर्नांदा मॉन्टेनेग्रो यांनीं उभें केलें आहे. डाव्या रकान्यांत 'आवडला' लिहिलें खरें. पण बक्षिसाची वार्ता आधीं कानीं नसती, तर इतकाच आवडला असता का, ही शंका मनांतून गेली नाहीं.

परदेशच्या चित्रपटांविषयीं इतकें बोललों. आतां घरच्यांकडे, आणि निकालापूर्वींच्या एका रविवाराकडे, वळावयाचें आहे. परभाषिक चित्रपटांच्या स्पर्धेसाठीं प्रत्येक देशानें एकच चित्रपट पाठवावयाचा असतो. भारतानें त्या वर्षीं किरण राव यांचा 'लापता लेडीज' पाठविला. आगगाडींत दोन नववधूंची अदलाबदल होते, आणि त्या गोंधळांतून दोघींनाही आपापली वाट सांपडते, असें हें प्रसन्न कथानक. आम्हीं उजव्या रकान्यांत 'शेवटच्या पांचांत येईल' असें लिहिलें होतें. तो पहिल्या पंधरांतही आला नाहीं. मे २०२४ मध्यें कान येथें ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळविणारा पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मात्र भारतानें पाठविला नाहीं. कानच्या मुख्य स्पर्धेंत भारतीय चित्रपट तीस वर्षांनीं प्रथमच गेला होता. निवडीवरून पुष्कळ वाद माजला. आम्हां मराठी माणसांना मौजेची गोष्ट अशी कीं, दोन्ही चित्रपटांत आपल्या छाया कदम आहेत. पहिल्यांत त्या फलाटावर चहाची टपरी चालविणारी मंजू माई, आणि दुसऱ्यांत मुंबईच्या इस्पितळांत स्वयंपाक करणारी पार्वती.

ही पार्वती कोंकणांतली. नवरा गिरणीकामगार, तो वारलेला. चाळीच्या जागीं मनोरा उठवावयाचा म्हणून बांधकामवाला तिला खोली सोडावयास सांगतो, आणि खोली आपली आहे हें दाखविणारा एकही कागद तिच्याजवळ नाहीं. जानेवारी २०२५ मधील एका रविवारीं हा चित्रपट आमच्या घरीं लागला होता. आमच्याकडे चौदा वर्षें स्वयंपाकास येणाऱ्या बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. हातांतलें काम आटोपून त्या दाराशीं टेकून पाहूं लागल्या. मराठी बोलणें कानीं पडलें म्हणून असेल. सासूबाईंनीं त्यांना आंत बोलावून बसविलें. पार्वतीच्या कागदाची गोष्ट निघाली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, हिचं नि माझं सारखंच. खोली ह्यांच्या नांवावर. ते जाऊन सहा वर्षं झालीं, अजून विजेचं बिल त्यांच्याच नांवानं येतं."

आम्ही पडद्याकडे पाहावयाचें विसरलों. चौदा वर्षें जिच्या हातचें जेवलों, तिच्याजवळ राहत्या घराचा कागद आहे कीं नाहीं, हें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. पुढच्या आठवड्यांत आमच्या घरच्यांनीं त्यांच्यासह बसून मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि जुनीं बिलें एकत्र केलीं, आणि वारस म्हणून त्यांच्या नांवाचा अर्ज दाखल करविला. त्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसा लागेल, याविषयीं उजव्या रकान्यांत कांहीं लिहिण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

बक्षिसें व्यर्थ आहेत, असें आमचें म्हणणें मुळींच नव्हे. बक्षिसामुळेंच लाटव्हियाची मांजर आमच्या दिवाणखान्यांत आली. २००४ सालीं संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला राष्ट्रपतींचें सुवर्णकमळ लाभलें आणि तो ऑस्करसाठीं निवडला गेला, तेव्हां त्याच्या प्रचारखर्चासाठीं महाराष्ट्रांतील सामान्य माणसांनीं वर्गणी दिली; त्याला नामांकन मिळालें नाहीं, तरी मराठी चित्रपटाची उमेद त्यानें वाढविली. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनीं 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ सालीं ऑस्कर मिळविलें, तें भारतीयाला मिळालेलें पहिलें, याचा अभिमान कोणास नाहीं? बक्षीस हें चांगल्या गोष्टीकडे बोट दाखवितें. पाहण्याचें काम मात्र आपल्याच डोळ्यांनीं करावें लागतें. खुद्द अकादमीलाही हें पटलें असावें. विभागांतील सर्व नामांकित चित्रपट पाहिल्यावांचून त्या विभागांत अंतिम मत देतां येणार नाहीं, असा नियम तिनें एप्रिल २०२५ मध्यें जाहीर केला.

आमच्या वहींत आतां तिसरा रकाना पडला आहे: 'महिन्यानें काय उरलें?' ज्या घरीं अशी वही घालावयाची असेल, त्यांना दोनच सूचना करावयाच्या आहेत. डावा रकाना त्याच रात्रीं, दुसऱ्या दिवशींचें वर्तमानपत्र उघडण्यापूर्वीं भरावा. आणि त्यांतील अक्षर बक्षिसाच्या वार्तेवरून कदापि खोडूं नये. आमच्या वहींत 'अनोरा'च्या पानावर खोडलेला 'नाहीं' अजून वाचतां येतो. तो तसाच ठेवला आहे. तिसऱ्या रकान्यांत मात्र, भाचीशीं पुन्हां एकदां बोलल्यावर, आम्हीं लिहिलें आहे: 'ती शेवटीं कां रडली, हें आतां थोडें कळतें.'