गोसेखुर्दच्या काठाने, बुडालेल्या गावाकडे

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. पण पवनीजवळ वैनगंगा इतकी पसरली आहे, की पलीकडचा काठ नुसती निळसर रेघ वाटतो.

हे पाणी कुठलं?

गोसेखुर्द धरणाचं. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. दरवाजे ३३, भिंत अकरा किलोमीटरहून लांब. भिंतीमागे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं पाण्याखाली गेली.

कधी जावं?

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं, की सकाळी लवकर. गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. खाली मात्र ओलाच असतो. हाती काठी ठेवा आणि सोबत गावातलाच माणूस घ्या. काठाचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. तिथे वाघ आहेत, त्यामुळे पायी शिरायचं नाही.

काय दिसतं?

अपेक्षेपेक्षा कमी. गाव सोडताना लोक छपराचे कवेलू, लाकूडफाटा, दारं-चौकटी काढून नेतात. उघड्या मातीच्या भिंतीला पाण्यात विरघळायला वेळ लागत नाही. उरतात ती घरांची जोती, विहिरीचं तोंड, देवळाचा ओटा, एखादं उखळ. पाण्यात उभी वाळलेली झाडं पाणकावळ्यांच्या कामी येतात.

नदीवर मासे धरून जगणाऱ्या ढिवरांचं काय गेलं?

ते या अवशेषांत सापडत नाही. शेतकऱ्याच्या जमिनीला सातबारा होता, म्हणून मोबदल्याचा हिशेब तरी मांडता आला. डोह कुणाच्या सातबाऱ्यावर असतो? कुठल्या खडकाआड मरळ बसते, पहिल्या पुरात मासा कुठून चढतो, हे ढिवराचं खरं वतन. ते वाहत्या नदीचं ज्ञान होतं. उथळ धारेतली जाळी खोल, थांबलेल्या पाण्यात अपुरी पडतात. मोठी जाळी, मोठी नाव घ्यायची तर भांडवल हवं. त्यात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येतं. जलपर्णी माजली, की डोंगा पुढे सरकत नाही.

म्हणून सोबतच्या माणसाला घरं कुठे होती एवढंच विचारू नका, डोह कुठे होते तेही विचारा. तो हात करील तिथे सपाट पाणीच असेल, पण नावं ऐकून घ्या.