कलमदानातला बोरू

उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला उन्हाळ्यात माणसांची रीघ लागते. आम्हीही करमाळ्याहून त्यासाठीच निघालो होतो. वाटेत कंदरला नातलगांकडे थांबलो, आणि नऊ वर्षांच्या भाचीला माळ्यावरच्या ट्रंकेत लाकडी कलमदान सापडलं. काळीकुट्ट दौत, गंजलेला टाक आणि वीतभर बोरू.

"आजोबा, ह्यात रिफिल कुठून घालायची?"

"रिफिल न्हाई बाळ, बुडवायचा आन् लिहायचं."

बोरू म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या टणक, पोकळ काडीची लेखणी. चाकूनं टोक तासायचं, मध्ये बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई बेतानं उतरते. शेवटचा तिरका छेद एका दमात बसला पाहिजे. सगळी करामत त्या छेदात आहे. हात दाबावा लागत नाही. रेघ वळेल तशी ती आपोआप जाड-बारीक होते. देवनागरीचं देखणेपण ह्याच टोकानं घडवलं, असं मला मनापासून वाटतं. आजोबांनी बोथट टोक तासून दिलं. भाचीनं 'क' काढला, पहिला फिसकटला, तिसऱ्याला पोट भरलं आणि ती ओरडली, "मामा, हा तर पुस्तकातला क आहे!"

पूर्वी काजळी आणि डिंक घोटून शाई घरीच होई आणि ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरत. पुढे बाजारात शाईच्या पुड्या आल्या. आज मुलांच्या रंगपेटीवर दिसणाऱ्या कॅमलिनची सुरुवातही 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासूनच केली.

बोरूचा खरा सोबती मात्र मोडी लिपी. कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई, मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. कामाचा वेग महत्त्वाचा. सुलेखनकार अच्युत पालव यांनी ह्याच लिपीचा अभ्यास केला आणि तिचं वळण नव्या चित्रांत आणलं. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या दप्तरांसाठी मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

उजनीकाठी तर कागदाला फार मोल आहे. 1980 साली धरण पुरं झालं. भीमेकाठची शिवारं पाण्याखाली गेली आणि घरं वर सरकली. जमीन आपली होती हे सांगायला उरला तो कागदच. आजोबांकडेही कलमदानाखाली असा एक मोडी कागद आहे. त्यांच्या वडिलांना तो वाचता येई. त्यांना स्वतःला येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडे तो न्यायचं ठरलंय. भाचीनं आत्ताच बजावलंय, तिला घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि बोरूही बरोबर न्यायचा.