सज्ज्यात बसलेला मतदार

लेखमाला : सभेचं दार – लेखांक 6

बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी. 1992 च्या हद्दवाढीत ही गावं सोलापूर महापालिकेत आली आणि शहराचं क्षेत्रफळ सुमारे 178 चौरस किलोमीटर झालं. ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनसाठी या भागाला किती वाट पाहावी लागली, यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. पण हद्दवाढीत या गावांची आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. त्याआधी बाळ्याचा माणूस सभेत उभा राहून सरपंचांना विचारू शकत होता, गटारीचे पैसे कुठे गेले? हद्दवाढीनंतर तो महापालिकेचा मतदार झाला, घरपट्टी तिकडे भरू लागला, पण सभेत प्रश्न विचारायचा त्याचा हक्क संपला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. 73 व्या दुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली. 74 व्या दुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, म्हणजे पुन्हा लोकप्रतिनिधींचीच समिती. गावात सगळे मतदार मिळून सभा होते. शहरात मतदारांची अशी सभा घटनेने सांगितलीच नाही. माझ्या मते आपल्या शहरांच्या कारभारातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

महापालिका अधिनियम 1949 चा. त्याच्या अनुसूचीतल्या सभा कामकाजाच्या नियमांप्रमाणे महापालिकेची सभा जनतेला खुली असते. ती बंद दाराआड घ्यायची तर हजर सदस्यांच्या बहुमताने तसा ठराव करावा लागतो. तेव्हा सर्वसाधारण सभेला जाऊन बसणं ही कुणाची मेहेरबानी नाही. मात्र हा हक्क बघण्या-ऐकण्यापुरता. प्रेक्षकांसाठीच्या सज्ज्यातून कुणी आवाज टाकला, कामकाजात अडथळा आणला, तर पीठासीन अधिकारी त्याला बाहेर काढू शकतात. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर खाली चर्चा चालू असेल आणि रात्री दोनला उठून पिंपं भरणारी बाई वर बसली असेल, तरी तिला बोलता येणार नाही. तिच्या वतीने नगरसेवकाने बोलायचं.

आता हिशोब बघा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9,51,558 होती, नगरसेवक 102. एकामागे नऊ हजारांहून जास्त माणसं. त्यात एका प्रभागाला चार-चार सदस्य, त्यामुळे गटार तुंबलं तर चौघांतल्या कुणाला धरायचं इथूनच सुरुवात. आणि मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर हेही उरलं नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव आयुक्त म्हणून मांडायचा आणि मंजुरी प्रशासक म्हणून द्यायची. सभाच नाही, तर सज्जा कशाला उघडायचा? 1930 साली आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवणाऱ्या नगरपालिकेचं हे गाव आहे. त्या गावाने इतकी वर्षं सभेविना काढली, याची मला फार खंत वाटते.

शहराच्या हद्दीबाहेर दोन किलोमीटर गेलं की चित्र वेगळं. तिथे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. सभा न घेणाऱ्या सरपंचांचं पदही जाऊ शकतं. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभा आणि घरोघरी फिरवून सह्या घेतलेली रजिस्टरं मला माहीत आहेत. तरीही, ज्याला विचारायचं आहे त्याच्यासाठी तिथे कायद्याने जागा राखलेली आहे.

शहरासाठी तशी जागा करायचा प्रयत्न झाला होता. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी हवा तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी केंद्राची अट होती. त्यातून 2009 मध्ये महाराष्ट्राने महापालिका अधिनियमात क्षेत्रसभा आणली. थोड्याशा मतदान केंद्रांचा मिळून एक भाग आणि त्या भागातल्या सगळ्या मतदारांची सभा, अशी ती कल्पना. कलमं पुस्तकात आली, पण राज्यातल्या शहरांत क्षेत्रसभा रुजली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1953 मध्ये स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या करणारा ब्राउन कायदा केला. तिथे आज विषयपत्रिकेवरच्या विषयावर निर्णय होण्याआधी सामान्य माणसाला बोलू द्यावं लागतं. सभागृहाने आधी ऐकायचं आणि मग हात वर करायचे, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडे तशी सोय होत नाही, तोवर आपल्या हातात काय आहे? एक, विकास आराखडा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आपल्या घरावरून रस्ता आखलाय हे पुष्कळांना तिसाव्या दिवसानंतर कळतं. हरकत लेखी द्यावी, गट किंवा सर्व्हे नंबर स्पष्ट लिहावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

दोन, प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने एवढे, की हा शब्द ऊसपट्ट्यातल्या माणसाला नवा नाही. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ती प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्यायची, किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहीर करायची, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी. हजेरीला कोरमची अट नाही. आलेल्या प्रत्येकाला प्रकल्पवाल्यांना विचारायची संधी द्यावी लागते, सगळ्याचं व्हिडिओ चित्रण होतं. शेवटची तरतूद तर मला फारच आवडते. कोण काय म्हणालं याचा गोषवारा तिथेच, लोकांसमोर, त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. म्हणून मंडप लवकर सोडू नका. मळीच्या पाण्याने विहीर नासल्याचं तुम्ही सांगितलं असेल आणि वाचनात ते आलं नसेल, तर हात वर करून तिथेच नोंदवून घ्यायचं. सुनावणीला प्रकल्प अडवायचा अधिकार नाही, पण पुढे मंजुरी देणाऱ्या समितीपुढे हाच कागद जातो.

स्मार्ट सिटीचं काय, हे वाचक नेहमी विचारतात. 2016 च्या जानेवारीत पहिल्या 20 शहरांत सोलापूर निवडलं गेलं, पण ती कामं करायला कंपनी काढली गेली. कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीला सज्जा नसतो.

इथे माहिती अधिकार कायदा उपयोगी पडतो. 2005 च्या या कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळं, परिषदा आणि समित्या यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त बघायला मिळतं का, हेही त्यात सांगायचं असतं. यासाठी अर्ज करायचीही गरज पडायला नको. बाळ्याच्या, शेळगीच्या वाचकांना माझी विनंती आहे, या आठवड्यात आपल्या विभागीय कार्यालयात जा आणि एवढंच विचारा, ही यादी कुठे लावली आहे? मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून पाठवा. पुढचा लेखांक त्या उत्तरांवरच लिहीन.