सिस्टर थांबली, ते बरंच झालं

बाबा ॲडमिट होते तेव्हा सिस्टरने गोळी देण्याआधी डोस विचारायला डॉक्टरांना फोन लावला. मी वैतागलो, "यांना एवढंही माहीत नाही?" चूक माझी होती.

१९६६ मध्ये अमेरिकेत हॉफलिंग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी 'डॉक्टर' नर्सला फोनवर सांगायचा, पेशंटला २० मिलिग्रॅम औषध द्या. डबीवर स्पष्ट लिहिलेलं, दिवसाला जास्तीत जास्त १०. तरी २२ पैकी २१ नर्स द्यायला निघाल्या! (औषध खोटं होतं, त्यांना वाटेतच थांबवलं.)

१९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी प्रयोग थोडा बदलला. औषध ओळखीचं, व्हॅलियम. शिवाय सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक. या वेळी १८ पैकी १६ नर्सनी तो जास्तीचा डोस द्यायला नकार दिला.

म्हणजे आत्मविश्वास नुसता स्वभावात नसतो. औषधाची माहिती आणि विचारायला माणूस असेल, तर 'थांबा' म्हणायची हिंमत येते. आमच्याकडे साधा कोडही दुसऱ्याने तपासल्याशिवाय लाइव्ह जात नाही, इथे तर माणूस आहे!

त्यामुळे पुढच्या वेळी सिस्टर फोन लावायला थांबली, तर घाई करू नका. थँक्यू म्हणा.